वाटा उतरला म्हणजे वायू उतरला का?

गेल्या अंकात शेतातून सुटणाऱ्या हरितगृह वायूंबद्दलच्या एका प्रश्नाला मी जेमतेम अर्ध्या पानाचं उत्तर दिलं होतं. त्यात जाता जाता लिहून गेले होते की, देशाच्या एकूण उत्सर्जनातला शेतीचा वाटा घसरतो तेव्हा लगेच खूश होऊ नका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी हा अंक त्यालाच द्यायला सांगितलं. सगळ्या पत्रांना उत्तर देणं शक्य नाही. जी पत्रं वाचून मला वही काढावी लागली, तीच निवडली आहेत.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी मी भारताचे अधिकृत आकडे काढले. १९९४ साली शेतीचा वाटा २८ टक्के होता, २०२० साली तो पावणेचौदाच्या आसपास आला. शेती निम्म्याने स्वच्छ झाली, असा निष्कर्ष मी लिहिला. मॅडम म्हणाल्या, पुन्हा बघ. माझं काय चुकलं?

तुझा भागाकार बरोबर आहे, वाचन चुकलं आहे. टक्केवारी हा अपूर्णांक असतो. तू वरचा आकडा धरून बसलीस आणि खाली छेदात काय घडलं ते पाहिलंच नाहीस.

आता तेच आकडे टनांत मांड. १९९४ साली देशाचं एकूण उत्सर्जन कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात साधारण १२३ कोटी टन होतं, त्यात शेतीचे सुमारे ३४ कोटी. २०२० साली एकूण आकडा जवळपास २९६ कोटी टनांवर गेला (जंगल आणि जमीन-वापर बाजूला ठेवून). त्याचे १३.७२ टक्के म्हणजे शेतीचे ४० कोटी टनांहून थोडे जास्त. वाटा निम्मा झाला आणि वायू वाढला! मधल्या पाव शतकात कोळशावरची वीज, सिमेंट, पोलाद, गाड्या हे सगळं इतकं वाढलं की शेतीचा तुकडा आपोआप बारीक दिसू लागला. ऊर्जेचा वाटा याच काळात ६१ टक्क्यांवरून पाऊणशे टक्क्यांच्या पुढे गेला. शेतात कोणी काही केलं नाही, शेजारी घर मोठं बांधलं गेलं इतकंच. या दोन अहवालांच्या पद्धतीत फरक आहे, त्यामुळे शेवटच्या अंकापर्यंत तुलना करू नकोस. दिशा मात्र स्पष्ट आहे.

उलटं उदाहरण हवं असेल तर ब्रिटन घे. तिथे १९९० साली शेतीचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास होता, २०२२ साली तो बारा टक्क्यांच्या घरात गेला. तिथली शेती बिघडली का? नाही. शेतीतून सुटणारा वायू त्या काळात थोडा कमीच झाला. पण देशाचं एकूण उत्सर्जन निम्म्यावर आलं, कारण कोळसा गेला. शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ला बंद पडलं. छेद आटला आणि शेतीचा टक्का फुगला.

लाजू नकोस. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः एका सभेत अगदी असाच घसरता आलेख पडद्यावर दाखवला होता. टाळ्याही पडल्या. मागे बसलेल्या एका शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, "बाई, मग शेतात बदललं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या प्रकल्पात घाल. "शेती" या रकान्यात जनावरंही असतात. भारताच्या २००७च्या हिशेबात शेतीचे ३३.४ कोटी टन होते. त्यातले ६३ टक्के गाईम्हशींच्या रवंथातून येणाऱ्या मिथेनचे. भाताच्या खाचरांचे जवळपास २१, शेतजमिनीतून सुटणाऱ्या, नत्रापासून बनणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या वायूचे १३ आणि पिकांचे अवशेष जाळल्याचे २ टक्के. म्हणजे निव्वळ पिकांचे जेमतेम १२ कोटी टन, देशाच्या एकूण १९० कोटींपैकी सव्वासहा टक्के. १९९४ साठी हीच वजाबाकी केलीस तर पिकांचा वाटा अकराच्या आसपास निघेल. तुझ्या प्रकल्पाचं शीर्षक "पिकांची शेती" असेल तर गोठा त्यातून बाहेर काढावा लागेल. न्यूझीलंडमध्ये शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे आणि तो बहुतेक सगळा गाईमेंढ्यांचा. तिथला आकडा घेऊन गव्हाला दोष देणारे लेख मी वाचले आहेत.

प्रश्न : हे वायू मोजले कोणी? प्रत्येक शेतात माणूस उभा करून ठेवला आहे का? मला तर हे सगळं कागदावरचं वाटतं.

बरंचसं कागदावरचंच आहे, तुमचा संशय खरा आहे. देशाचा लेखाजोखा गुणाकाराने होतो: किती नत्र टाकलं, किती हेक्टर भात लावला, त्याला एकामागे किती वायू सुटतो तो गुणक. हे गुणक आंतरसरकारी हवामान मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या मार्गदर्शक पुस्तकांत असतात. ज्या देशाकडे स्वतःची मोजणी आहे तो स्वतःचे गुणक वापरतो.

पण ते गुणक कुठून तरी आलेच ना? ते आमच्यासारख्यांच्या गुडघ्यांतून आले. मी माती-रसायनातली. बावीस हंगाम मी खाचरात अॅक्रिलिकच्या पेट्या ठेवून काढले. पद्धत साधी आहे. चिखलात एक चौकट रोवून ठेवायची, तिच्या खाचेत पाणी भरायचं, वर पेटी उपडी घालायची म्हणजे हवा कोंडली जाते. मग ठरावीक मिनिटांनी सुईने पेटीतली हवा ओढून बाटलीत भरायची आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे हवेतले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवायची. आतला मिथेन किती वेगाने वाढला त्यावरून हेक्टरी आकडा काढायचा. मोजणी सकाळी उशिरा करायची, कारण त्या वेळचं मातीचं तापमान दिवसाच्या सरासरीच्या जवळ असतं.

पहिल्या वर्षी एके सकाळी माझा आकडा नेहमीच्या दहापट आला. मी आनंदाने सरांकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, "फळी टाकली होतीस?" नव्हती टाकली. पेटीजवळ मी चिखलात पाय दिला आणि मातीत अडकलेले मिथेनचे बुडबुडे दाबून वर काढले होते. मोजला तो खाचराचा वायू नव्हता, माझ्या वजनाचा होता. तेव्हापासून फळी टाकल्याशिवाय मी पेटीकडे गेले नाही.

नायट्रस ऑक्साइड याहून लबाड. खत पडलं, त्यावर पाऊस झाला की दोन-चार दिवस तो उसळतो आणि मग गप्प बसतो. हंगामाचा बराचसा वायू त्या मोजक्या दिवसांत निघून जातो. आठवड्यातून एकदा ठरल्या वारी जाणारा माणूस हा वायू हमखास चुकवतो. एका पावसानंतर मध्ये सुट्ट्या आल्या म्हणून मी चार दिवस उशिरा गेले होते, आणि त्या वर्षीचा माझा हंगामी आकडा आजही मला खोटा वाटतो. म्हणूनच पुस्तकातल्या गुणकाला मोठी शेपटी आहे. २००६च्या पुस्तकात टाकलेल्या नत्राच्या १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं धरलं आहे, पण त्याची शक्य मर्यादा ०.३ ते ३ टक्के दिली आहे. तीनपट खाली, तीनपट वर.

त्यातून पुढची गंमत बघा. १९९६च्या पुस्तकात हाच गुणक १.२५ होता. म्हणजे एखाद्या देशाने फक्त पुस्तक बदललं तरी गुणक एक पंचमांशाने उतरतो आणि त्या रकान्यातला आकडाही खाली येतो, शेतात एक चिमूट खत कमी न पडता. म्हणून नियम असा की पद्धत बदलली तर जुनी सगळी वर्षं नव्याने मोजायची. कोणी दोन अहवालांतली वर्षं एकाच आलेखात जोडून दाखवली, तर आधी विचारा: मागची वर्षं पुन्हा मोजली का?

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत मिथेन २८ पट, माझ्या जुन्या पुस्तकात २१ पट, मुलाच्या पुस्तकात २५ पट. नक्की कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. हा आकडा म्हणजे शंभर वर्षांच्या काळात एक किलो वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत किती उष्णता अडकवतो त्याचा अंदाज, आणि आयपीसीसीच्या दर मोठ्या अहवालात तो सुधारला जातो. मिथेन २१, मग २५, मग २८ असा चढला. नायट्रस ऑक्साइड उलट ३१०, २९८, २६५ असा उतरला. पॅरिस कराराखालचे अहवाल २८ आणि २६५ धरून होतात. या अंकात मी स्वतः केलेल्या हिशेबांतही तेच धरले आहेत; देशाचे आकडे मात्र त्या त्या अहवालातले आहेत. भात जास्त असलेल्या देशाचा आकडा या बदलाने वर जातो, गहू आणि खत जास्त असलेल्याचा खाली येतो. एवढं पुरे.

प्रश्न : मी शेतकरी आहे. माझं पीक हवेतला कार्बन शोषून वाढतं. मग कार्बनच्या हिशेबात मीच गुन्हेगार कसा?

तुमचा राग मला समजतो, आणि तुमच्या निम्म्या म्हणण्याशी मी सहमत आहे. पिकाने घेतलेला कार्बन हिशेबात तुमच्या नावावर जमा धरत नाहीत, कारण तो टिकत नाही. दाणा खाल्ला, काड कुजलं की वर्षा-दोन वर्षांत तो हवेत परत. पण त्याच न्यायाने काड जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइडही तुमच्या नावावर मांडत नाहीत, फक्त धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मांडतात. म्हणून अवशेष जाळण्याचा आकडा या तक्त्यात इतका लहान दिसतो. धुराने माणसाच्या फुप्फुसाचं जे होतं ते या तक्त्यात येतच नाही, तो हिशेब वेगळा आणि कितीतरी जड आहे.

मातीत सेंद्रिय कर्ब खरोखर वाढला तर तो जमा धरतात, पण "जमीन-वापर" या दुसऱ्या रकान्यात. तिथली अडचण अशी की तो हळूहळू वाढतो, काही वर्षांनी वाढायचा थांबतो आणि शेणखत बंद केलं की उतरू लागतो.

तुमच्या नावावर खरे मांडले जातात ते मुख्यतः दोन वायू: पाणी साचलेल्या मातीतला मिथेन आणि नत्रातून उडणारा नायट्रस ऑक्साइड. त्यातला दुसरा म्हणजे तुम्ही पैसे मोजून आणलेलं आणि पिकाच्या तोंडी न लागलेलं खत. गुन्हेगार हा शब्द मी वापरणार नाही. पाकीट फाटकं आहे, असं म्हणेन.

प्रश्न : खताचा कारखाना, ट्रॅक्टरचं डिझेल, पंपाची वीज, हे सगळं शेतीच्या टक्क्यात धरतात का? नसेल तर टक्का फसवा नाही का?

नाही धरत, आणि हो, त्या अर्थाने फसवा आहे. डिझेल आणि वीज ऊर्जेच्या रकान्यात जातात. खताचा कारखाना उद्योगात. जंगल तोडून शेत केलं, जसं ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर झालं, तर ते जमीन-वापरात. "शेती" या नावाखाली उरतात ते जनावरं, खाचरं, जमिनीतलं नत्र, जाळलेले अवशेष, आम्लता घालवायला टाकलेला चुना आणि युरिया.

युरियाचा प्रवास सांगायलाच हवा, कारण हिशेबनिसाची याहून सुंदर कसरत मी पाहिलेली नाही. नैसर्गिक वायूपासून एक टन अमोनिया करताना दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातलाच काही पकडून अमोनियाशी जोडला की युरिया होतो. तेव्हा कारखान्याच्या खात्यातून तेवढा कार्बन वजा होतो, तो गोणीत बसून शेतावर येतो. मातीत युरिया फुटला की तोच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक टन युरियामागे सुमारे ७३० किलो, आणि आता तो शेतीच्या खात्यावर. युरिया दुसऱ्या देशातून आणला असेल तर कारखान्याचं उरलेलं उत्सर्जन त्या देशाच्या नावावर आणि गोणीतलं तुमच्या देशाच्या. वायू एकच, पासपोर्ट दोन!

म्हणून शेतापासून ताटापर्यंतचं सगळं एकत्र मोजणारे जगासाठी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा आकडा सांगतात आणि देशाच्या अहवालातला "शेती" रकाना त्याहून कितीतरी लहान असतो. दोघेही बरोबर असतात. भांडण असतं ते कुंपण कुठे घातलं याचं.

प्रश्न : भाताचं पाणी मधून मधून सोडून दिलं तर फरक पडतो असं ऐकलं. किती?

चांगलाच पडतो. हिशेब इथेच करू. पुस्तकातला ताजा, म्हणजे २०१९चा गुणक सांगतो की सतत पाणी साचलेल्या खाचरातून, शेणखत न घालता, हेक्टरी दिवसाला १.१९ किलो मिथेन सुटतो. १२० दिवसांचं पीक धरलं तर १४३ किलो. गुणिले २८, म्हणजे चार टन. मधे एकदाच पाणी काढून माती वाळू दिली तर हा आकडा ०.७१ ने गुणायचा, अनेकदा ओलं-कोरडं केलं तर ०.५५ ने. चाराचे सव्वादोन टन होतात.

कारण असं की मिथेन करणारे सूक्ष्मजीव हवेशिवाय जगणारे. मातीत हवा शिरली की त्यांचं काम थांबतं, आणि चिखल पुन्हा तसा व्हायला दिवस लागतात. चीनमध्ये फुटवे पूर्ण झाल्यावर खाचर वाळवण्याची पद्धत पसरली ती वायूसाठी नव्हे, वांझ फुटवे कमी व्हावेत आणि उत्पादन वाढावं म्हणून. वायू आपसूक उतरला.

दोन अटी. पोटरी ते फुलोरा या काळात पाणी तोडू नका, दाणा भरत नाही. आणि ओलं-कोरडं करताना नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, विशेषतः खत नुकतंच टाकलं असेल तर. एकूण जमाखर्च तरी फायद्यातच राहतो. मात्र पाणी पाहिजे तेव्हा परत मिळण्याची खात्री नसेल तर शेतकरी हे करणार नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही केलं नसतं.

प्रश्न : मग रासायनिक खत बंदच का करत नाहीत?

श्रीलंकेने २०२१ साली एका फटक्यात आयात बंद केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली. भाताचं उत्पादन घसरलं आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. पुढचं उत्तर खालच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : देशाचा टक्का राहू द्या. माझ्या शेताचा आकडा मी एकरी मोजू की किलोमागे? मी गव्हाला हेक्टरी २०० किलो नत्र देतो. शेजारी १०० देतो आणि त्याचं उत्पादन माझ्यापेक्षा थोडंसंच कमी येतं.

या पत्राने मला सगळ्यात आनंद झाला. दोन्ही मोजा, आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

शेजाऱ्यापासून सुरू करते. १०० किलो नत्र. त्यातलं एक टक्का, म्हणजे एक किलो नत्र वायू होऊन गेलं. नत्राचं नायट्रस ऑक्साइडमध्ये रूपांतर करायला १.५७ ने गुणा, मग २६५ ने. आले हेक्टरी ४१६ किलो, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात. त्याचं उत्पादन तुम्ही लिहिलेलं नाही, मी चार टन धरते. टनामागे १०४ किलो.

तुमचे २०० किलो नत्र, म्हणजे ८३२ किलो. उत्पादन ४.४ टन धरलं तर टनामागे १८९. चारशे किलो दाणे जास्त आले, त्यासाठी वायू दुप्पट झाला. आणि हा हिशेब तुमच्या बाजूने झुकलेला आहे. पुस्तकातला गुणक सरळ रेषेत चालतो, शेतातली माती तशी चालत नाही. पिकाची गरज भागल्यानंतर पडलेल्या नत्रातून वायू जास्त वेगाने वाढतो, हे अनेक ठिकाणच्या पेट्यांनी दाखवलं आहे, माझ्याही. यात युरियातला कार्बन धरला तर फरक आणखी रुंदावेल.

उलट तुमच्या शेजाऱ्याने उद्या नत्र शून्यावर आणलं तर एकरी आकडा झकास दिसेल, पण दाणे निम्मे झाले तर ते कुठेतरी दुसरीकडे पिकवावे लागतील, कदाचित नवी जमीन फोडून. म्हणून फक्त एकरी आकडा दाखवणाऱ्यावर माझा विश्वास नाही, आणि फक्त किलोमागचा दाखवणाऱ्यावरही नाही, कारण एकूण उत्पादन वाढत गेलं तर किलोमागचा आकडा उतरूनही वायू वाढतोच.

तुम्ही एकदम शंभरावर येऊ नका. शेताचा एक पट्टा आखून त्यात १५० द्या, तेही तीन हप्त्यांत, आणि पावसाचा किंवा पाण्याचा अंदाज घेऊन. कापणीला त्या पट्ट्याचे दाणे वेगळे तोला. दोन्ही आकडे मला पाठवा, या सदरात हिशेब करून छापते. मातीचा सेंद्रिय कर्ब तपासलेला असेल तर तोही कळवा, आणि खत कोणत्या तारखेला टाकलं आणि त्यानंतर पाणी कधी पडलं, ते विसरू नका.